‘इतका उशीर का केलात?’

तान्हं बाळ घेऊन धावत दवाखाना गाठलेल्या आईबापांनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. विचारणाऱ्या डॉक्टरांच्या आवाजात राग असतो, तशी काळजीही असते. उत्तर ऐकायला मात्र त्यांना वेळ नसतो, आणि ते बरोबरच आहे, कारण समोर बाळ असतं. आईबाप मान खाली घालतात. उशीर त्यांच्या नावावर लागतो आणि विषय तिथेच संपतो.

मला तो विषय तिथे संपवायचा नव्हता. आपल्याकडे तान्ह्या बाळाला वेळेवर उपचार न मिळणं ही काही नवी गोष्ट नाही, तिला निदान दीडशे वर्षांचा नोंदलेला इतिहास आहे. गेल्या वर्षभरात मी तो जमेल तसा वाचला. वाचताना एकच प्रश्न मनात धरला होता: त्या त्या काळात हा उशीर कुणाचा मानला गेला आणि खरा कुणाचा होता?

चार तास पन्नास मिनिटं

हे वाचन सुरू झालं त्याला कारण आहे, ते सांगते. मुलगी ४७ दिवसांची होती. तालुक्याच्या गावी आम्ही राहतो. रविवारी संध्याकाळी ती दूध ओढेना. सासूबाईंनी तिचं झबलं वर केलं आणि म्हणाल्या, “हिचं पोट उडतंय गं.” बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. ८ वाजून ५० मिनिटांनी आम्ही घराबाहेर पडलो.

पहिल्या दवाखान्याचं शटर अर्धं खाली होतं. डॉक्टर बाहेरगावी गेले होते, सकाळी या, असं आतून सांगण्यात आलं. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने फाइल न काढताच सांगितलं, “एवढं लहान बाळ आम्ही घेत नाही.” तिसरं सरकारी रुग्णालय. तिथे बालरोगतज्ज्ञाचं पद रिकामं होतं. ड्युटीवरची तरुण डॉक्टर एकटीच होती, एका अपघातातल्या दोन माणसांना टाके घालत होती. तरी तिने बाळाला तपासलं, ऑक्सिजन लावला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याची चिठ्ठी दिली. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन आधीच गेली होती. ती परत येण्याची वाट पाहायची की ऑक्सिजन सोडून शेजाऱ्यांच्या गाडीने निघायचं, हे आम्हाला ठरवायला सांगितलं गेलं. तासभर वाट पाहून आम्ही निघालो. ५२ किलोमीटर. शहरातल्या पहिल्या रुग्णालयाने आधी अनामत रक्कम मागितली. नवऱ्याच्या यूपीआयची दिवसाची मर्यादा संपली होती. माझ्या भावाने तिकडून पैसे पाठवले, तेव्हा १ वाजून ४० मिनिटांनी मुलगी आत गेली.

आणि तिथे, तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावता लावता, डॉक्टरांनी विचारलं, “इतका उशीर का केलात?”

मुलगी वाचली. न्यूमोनिया होता. आठ दिवसांनी आम्ही तिला घरी आणली. पण माझ्या फोनमधल्या कॉलच्या यादीत ती रात्र अजून मिनिटांसकट आहे. घरून निघाल्यापासूनच्या त्या यादीत मी एकही मिनिट वाया घालवलेलं मला सापडत नाही.

कल्याणची मुलगी

या विषयावर मराठीत लिहायचं तर आनंदीबाई जोशींपासून सुरुवात करावी लागते. ३१ मार्च १८६५ चा जन्म, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा त्या जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. लागेल ते वैद्यकीय साहाय्य मिळालं नाही, असं त्यांची चरित्रं सांगतात.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला शाळेत ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ म्हणून शिकवतात. साडी नेसून फिलाडेल्फियाला गेलेली धाडसी मुलगी. ते खरंच आहे. पण मला आता त्या दहा दिवसांबद्दल प्रश्न पडतात. कोण आलं असेल बघायला? सुईण? वैद्य? त्या काळात पुरुष डॉक्टरपुढे बाळंतीण येणं बहुतेक घरांत अशक्य होतं आणि बायकांना तपासणाऱ्या बायका डॉक्टर जवळपास नव्हत्याच. बाळ आईच्या कुशीत आणि आई बाळंतिणीच्या खोलीत. म्हणजे आईपर्यंत डॉक्टर पोचत नसेल तर बाळापर्यंतही पोचणार नव्हता.

१८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाईंनी बंगालमध्ये सेरामपूरला एक जाहीर भाषण केलं. या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि म्हणून मी जाते आहे, हा त्याचा गाभा होता. आपल्या बाळाच्या मृत्यूचं दुःख त्यांनी नशिबावर सोडलं नाही. देशात कशाची उणीव आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलीही होती. पण क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

त्याच सुमारास मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं, बायका-मुलांसाठी आणि बायका डॉक्टरांच्या हाती असलेलं. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंडही उभा राहिला. बाळंतिणीने पुरुष डॉक्टरकडे जायला लाजू नये, असा उपदेश करत बसण्यापेक्षा बायकांना डॉक्टर करा, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. उशिराचं एक कारण असं दूर होऊ लागलं. मोठ्या शहरांपुरतंच, पण लागलं.

गिरणीचा भोंगा आणि बाळगोळी

पुढचा टप्पा गिरणगावचा. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे ६५० हून जास्त तान्ही मुलं वर्षाच्या आत दगावल्याचं महापालिकेचे आकडे सांगतात. एका खोलीच्या बिऱ्हाडांत तर हा आकडा ८०० च्या वर जातो. आकडा थोडा फुगलेला आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर आपल्या गावी जात. जन्म गावात व्हायचा, मृत्यू मुंबईत नोंदला जायचा. पण फुगवटा काढून टाकला तरी मागे जे उरतं ते भयंकरच आहे.

या मृत्यूंची चर्चा करताना त्या काळच्या साहेबी अहवालांत आणि आपल्या सुशिक्षितांच्या लिखाणातही एक गोष्ट हमखास येते: आयांचं अज्ञान. पुरावा म्हणून पुढे केली जायची बाळगोळी. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवत, म्हणजे दिवसभर पोर झोपून राही. १९२० च्या दशकात सरकारने नेमलेल्या एका स्त्री डॉक्टरने गिरणीकामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा ही पद्धत सर्रास असल्याचं दिसलं.

आता हे त्या आईच्या जागी उभं राहून बघा. पहाटे भोंगा व्हायचा. चाळीच्या खोलीत माणसं दाटीवाटीने राहायची, सांभाळायला एखादी म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची मोठी बहीण. खाडा केला तर मजुरी बुडणार, चार खाडे केले तर जागा जाणार. अफूने गुंगलेलं मूल रडत नाही. म्हणून ते आजारी पडलंय हेही संध्याकाळपर्यंत कुणाला कळत नाही. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे असता तरी या आईला तिथे पोचायला उशीरच झाला असता, कारण तिचा दिवस तिच्या मालकीचा नव्हता.

इथेही बदल झाला तो आयांना बोल लावून नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे. हा भार मुळात सरकारने उचलायला हवा, पण त्या बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. तसा तो देशातला पहिलाच. त्याच वर्षी परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय सुरू झालं. नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह तिथेच १९२६ पासून होतं. दोन्ही रुग्णालयं गिरणगावाच्या ऐन मध्यात आहेत. आईला थोडी उसंत मिळाली आणि दवाखाना तिच्या वस्तीत आला.

मण्यांची माळ आणि वाळूचं घड्याळ

पण महाराष्ट्र म्हणजे काही नुसतं परळ नाही. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत काम करायला गेले. १९८८ मध्ये त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगाव मोजणी केली, तेव्हा दर १००० जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत मरत होती.

डॉ. अभय बंग एक प्रसंग नेहमी सांगतात. पावसाळ्यात दोन बायका एक तान्हं बाळ घेऊन धावत त्यांच्या घरी आल्या. त्यांनी तपासायला घेतलं आणि बाळाचा श्वास थांबला. ते कशाने गेलं याचा त्यांनी नंतर विचार केला, तेव्हा कारणांची साखळी अठरा कड्यांची निघाली. गरिबी, आईचा गरोदरपणातला मलेरिया, मांत्रिक, पूर आलेली नदी, असं सगळं त्यात होतं. आधी त्यांना हताश वाटलं. मग लक्षात आलं की साखळी तोडायला अठराही कड्या तोडाव्या लागत नाहीत, एक तुटली तरी पुरतं.

त्यांनी अंतराची कडी निवडली. बाळाला दवाखान्यापर्यंत आणणं अवघड असेल तर दवाखाना बाळापर्यंत न्यायचा.

लहान मुलांना सर्वांत जास्त मारणाऱ्या आजारांपैकी एक न्यूमोनिया. तो ओळखायची साधी खूण म्हणजे मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असतील तर धोका. ना एक्स-रे लागतो ना रक्ततपासणी. पण गावातल्या सुइणींना एवढे आकडे मोजता येत नव्हते. मग बंग दांपत्याने एक साधं यंत्र बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत सरकवायचे मणी. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी आला तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेल्या बायका या साधनावर न्यूमोनिया ओळखू लागल्या आणि औषधही देऊ लागल्या.

पुढे १९९५ पासून त्यांनी नवजात बाळांकडे मोर्चा वळवला. बाळंतीण आणि बाळ पहिला महिनाभर घराबाहेर पडत नाहीत, ही रीत. ती मोडायला लावण्यापेक्षा गावातल्याच बाईला ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून त्या खोलीत पाठवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं घ्यायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि गरज पडली तर इंजेक्शनही. गावातली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार, या कल्पनेनेच तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूंचं प्रमाण शेजारच्या, हा प्रयोग न झालेल्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटलं होतं.

तीच गावं, तेच आईबाप, तीच गरिबी. आईबाप तर आधीही बाळावर जीव लावतच होते. आता रात्री दोन वाजता हाक मारली तर येणारं कुणीतरी गावात होतं, एवढाच काय तो फरक.

२०११ मध्ये केंद्र सरकारने हीच कल्पना थोड्या वेगळ्या रूपात देशभर नेली. आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येऊन बाळ बघतात. आमच्याकडेही त्या आल्या होत्या, ४२ व्या दिवशी शेवटच्या. त्यानंतरची भेट तिसऱ्या महिन्यात. मुलगी ४७ व्या दिवशी आजारी पडली.

तीन उशीर

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी मातामृत्यूंबद्दल एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी उशिराचे तीन भाग केले. पहिला, उपचार घ्यायला हवेत हे ठरवण्यातला. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला. तिसरा, दवाखान्यात पोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यातला. पुढे जगभर बालमृत्यूंचा विचारही याच चौकटीत होऊ लागला.

हे वाचल्यावर मी माझी कॉलची यादी पुन्हा उघडली आणि मिनिटं वाटून टाकली. सासूबाईंनी झबलं वर केल्यापासून बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं, हा पहिला उशीर. रस्त्यातला वेळ सगळा मिळून दीड तास, हा दुसरा. उरलेले तीन तास वीस मिनिटं दवाखान्यांच्या आत किंवा त्यांच्या दारात गेले. तोच तिसरा उशीर, आणि सर्वांत मोठा.

पण आपल्याकडे बोललं जातं ते पहिल्याबद्दल. मेळघाटातल्या आईने बाळाच्या पोटाला चटके दिले, याची बातमी होते, आणि व्हायलाच हवी, कारण ते बाळाच्या जिवावर बेततं. मात्र त्या पाड्यावरून दवाखाना किती लांब होता, तिथे त्या दिवशी डॉक्टर होता का, पावसात रस्ता चालू होता का, हे त्याच बातमीत क्वचित असतं. जो जवळ असतो त्याच्याकडे माणूस आधी जातो. पाड्यावर भुमका म्हणजे मांत्रिक जवळ असतो. आमच्या गावात अर्ध्या शटरचा दवाखाना जवळ होता. आम्हीही आधी तिथेच गेलो.

कागदावर काय आहे

तिसऱ्या उशिराबद्दल आपल्या कायद्याने काहीच म्हटलेलं नाही, असंही नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक सदस्य रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही, सोय नाही असं सांगून पुढे पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार करावे लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. ‘वेळेवर’ हा शब्द इथे मोलाचा आहे. नुसते उपचार नाहीत, वेळेवर उपचार.

२०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि एका रुग्णालयातून दुसरीकडे नेण्याची सोय मोफत केली. नंतर ही सवलत वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झाली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. खासगी दवाखान्यांसाठी २०२१ मध्ये नियम सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. यातलं बरंचसं मला त्या रात्री माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असू द्या. तान्हं बाळ घरात असेल तर १०८ हा नंबर आणि जवळचा नवजात अतिदक्षता कक्ष कुठे आहे, हे बाळ बरं असतानाच विचारून ठेवा. श्वास मोजायला वाळूचं घड्याळ लागत नाही, फोनमधलं पुरतं. बाळ शांत असताना मिनिटभर पोट बघायचं.

हे सगळं निष्फळ गेलं असंही मी म्हणणार नाही. २०२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ वर आला होता. गडचिरोलीच्या १२१ पासून इथवरचं अंतर फार मोठं आहे. ते कापलं गेलं ते डॉक्टर झालेल्या बायकांमुळे, कायदा करून घेणाऱ्यांमुळे, वाळूचं घड्याळ घेऊन घरोघर गेलेल्या सुइणींमुळे आणि आशाताईंमुळे. आयांना दटावल्याने ते कापलं गेल्याचा पुरावा मला या साऱ्या इतिहासात कुठे सापडला नाही.

शेवटी एका सरकारी कागदाबद्दल. बालमृत्यूंच्या चौकशीसाठी २०१४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. बाळ गेल्यावर भरायच्या त्या माहितीत उशिराबद्दल वेगवेगळं विचारलं जातं: घरी उशीर झाला का, वाहतुकीत झाला का, रुग्णालयात झाला का? म्हणजे उशीर तीन ठिकाणी होऊ शकतो, हे शासनाला पक्कं ठाऊक आहे. तो कागद भरला जातो तो मूल गेल्यानंतर. मूल दारात जिवंत असतं, तेव्हा मात्र तीनपैकी एकाच रकान्याची चौकशी होते आणि तीही आईकडे. बाकीचे दोन रकाने प्रत्येक रुग्णालयाने रेफर करतानाच भरायचे ठरवले, बाळ किती वाजता आलं, डॉक्टरांनी किती वाजता पाहिलं, गाडी किती वाजता मिळाली एवढंच जरी चिठ्ठीवर लिहिलं, तर पुढच्या डॉक्टरांना आईला तो प्रश्न विचारावा लागणार नाही. आमच्या चिठ्ठीवर फक्त तारीख होती.